मथू, सुकती लागली

मथू, दुपारची जेवणं आटोपून ओटीवर जरा आडवी झाले की हल्ली तू येतेस. डोळा पुरता लागलेला नसतो. झावळ्यांची सळसळ कानावर असते, कोंबडी कुठेतरी कुरकुरत असते, आणि खाडीकडच्या वाटेने तू वर येतेस. डोक्यावर टोपली, लुगडं गुडघ्यावर खोवलेलं, पोटऱ्यांवरून पाणी ओघळतंय. कशाला म्हणून धरलेलं नाहीस. मी ओरडते, "मथू, पडतलंस!" आणि माझ्याच आवाजाने मला जाग येते. बघ, तू गेलीस तरी माझ्या तोंडचं 'पडतलंस' काही जात नाही.

तुझे दिवस होऊन गेले. तुझे 'हे', म्हणजे माझे भावजी, मुंबईला परतले. गावातली येते ती बाई म्हणते, सुटली गो बिचारी. परवा एकीला मी चहा न विचारताच वाटेला लावलं. बिचारी म्हणे! तुझ्यासमोर म्हणाली असती तर तिचा काय उद्धार केला असतास ते मला ठाऊक आहे. तुझी सुंभाची दोरी अजून तशीच आहे, माजघरातल्या खांबापासून न्हाणीच्या दारापर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "ती सोड गो आता. येता-जाता आडवी येता." मी म्हटलं, येऊ दे. आमच्या घरात मी चढ्या आवाजात बोलले की सगळेच गप्प होतात. एक तूच होत नव्हतीस.

लिहायला बसले की माझा हात शाळेतलं मराठी लिहितो. तू असतीस तर खांद्यावरून डोकावून म्हणाली असतीस, "वयनी, मामलेदाराक अर्ज लिवतंस काय?" म्हण. मला यायचं तसंच येणार.

नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. तुझी वरात खाडीपलीकडून होडीने आली होती, आठवतं? मी थोरली जाऊ, नवी पैठणी नेसून, नथ सावरत, नव्या नवरीला हात द्यायला पायऱ्यांवर उभी. मी फोंडाघाटची. घाट उतरून आलेले ट्रक आणि गुळाच्या ढेपा बघत वाढलेली. पाणी म्हणजे विहिरीत असतं ते, आणि ते कळशीत मावतं, एवढीच माझी पाण्याची ओळख. चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ असतं हे मला कुणी सांगितलं होतं? तुला हात द्यायला वाकले आणि माझाच पाय सटकला. तू मुंडावळ्यांसकट पुढे होऊन माझं मनगट असं काही पकडलंस की चार जणी खाली आल्या असत्या तरी तू हलली नसतीस. मी घाबरून धरूनच राहिले. तेव्हा तुझं पहिलं वाक्य मी ऐकलं. "वयनी, आता हात सोड. माका भायर येवक व्हया." सगळी वरात हसली. मला इतका राग आला होता तुझा! रात्रीच्या पंगतीत मी तुला मुद्दाम करपलेली पुरी वाढली. तू ती कुरकुरीत आवाज करत खाल्लीस आणि माझ्याकडे बघून हसलीस. मग कसला राग आणि कसलं काय.

ओहोटीला इथे सुकती म्हणतात, हेही मला तूच शिकवलंस. सकाळी भाकरीचं पीठ मळत असायची मी, आणि मागच्या दारातून तुझी हाक यायची, "वयनी, सुकती लागली!" की मला टोपल्या घेऊन तुझ्यामागे यावं लागायचं. खाडीवर धुकं असायचं. पलीकडचा काठ नसायचाच. बायका कंबरभर पाण्यात उभ्या, अर्ध्या दिसायच्या, अर्ध्या नाही, आणि बोलणं मात्र अगदी कानाशी ऐकू यायचं. तिसऱ्या, म्हणजे त्या खायच्या शिंपल्या, शोधायला तू चिखलात पाय रोवून डोळे मिटून घ्यायचीस. "तिसऱ्या पायांनी बगूच्यो असतत," म्हणायचीस. "बोटांका कळता." मग अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत शिंपली धरून पाय वर, हात खाली, टोपलीत टप्. मी गुडघाभर पाण्याच्या पुढे कधी आले नाही. पायाखाली काही लागलं की किंचाळायची, तो नेमका दगड असायचा. "फोंड्याच्या पायांक तिसरी कशी गावतली?" असं तू सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणायचीस. माझी पाण्यातली सगळी अब्रू तू अशी घालवलीस.

आधी तुझा एक डोळा धुकटला होता. "ह्या डोळ्यात खाडी शिरली," म्हणालीस. चार लोकांनी चार औषधं सांगितली, त्यातलं एकही घालायच्या आत डोळा आपोआप निवळला, आणि आपण विसरून गेलो. मग पुढच्या हिवाळ्यात तू सुकतीला गेलीस आणि रिकामी टोपली घेऊन काठाला आलीस. "आज खाडयेत काय एक नाय," म्हणालीस. मी बघितलं तर बाकीच्या बायकांच्या टोपल्या भरलेल्या. तू पायरीवर बसलीस, पाऊल हातात घेतलंस, बोटं दाबून बघितलीस. "वयनी, माजे पाय खंय गेले गो? जाड मोजे घातल्यासारके वाटतत." आणि हसलीस. मी म्हटलं, थंडी आहे, घरी चल, शेकते. मला काय माहीत.

मग तू पडायला लागलीस. आधी ओटीवरून, मग विहिरीच्या वाटेवर भरल्या कळशीसकट, मग सपाट अंगणात, जिथे अडखळायला काडीसुद्धा नव्हती. लोक म्हणाले, लक्ष कुठे असतं हिचं! सासूबाईंनी ठरवलं की पायात थंडी शिरली. आपल्याकडे पायांच्या दुखण्याला काय करायचं हे कुणाला विचारावं लागतं का? न्हाणीतल्या भाणात निर्गुडीचा पाला कढवायचा, अंग तेलाने चोळायचं आणि सोसेल तितकं कढत पाणी पायांवर. रोज. आणि रोज तू न्हाणीतून बाहेर आलीस की पिळलेल्या लुगड्यासारखी व्हायचीस, दाराशीच बसकण मारायचीस. तू पडलीस की दुसऱ्या दिवशी पाणी आणखी कढत. "आये, गरम पाण्यान माजी शक्ती जाता," तू सांगून दमलीस. सासूबाईंचं एकच, "ता थंडी भायर पडता म्हणान तसा वाटता." त्यांनी आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या वहाणा बोलल्या आणि नेऊन वाहिल्याही, चांगल्या कातड्याच्या, हातभर लांब. देव त्या घालून गावात फिरतो आणि त्या झिजतात, हे तर सगळ्यांनी बघितलेलं. तू ओटीवर बसून आपल्या चपलांकडे बघत म्हणालीस, "देवाच्यो व्हाणो झिजतत, आणि माज्यो मात्र नव्योच." सासूबाई उठून आत गेल्या. आत जाऊन रडल्या, हे तुला मी कधी सांगितलं नाही. आता सांगते.

शेवटी भावजी आले आणि मालवणहून बोटीने तुला मुंबईला घेऊन गेले. परत आलीस तेव्हा तू आजाराचं नाव पाठ करून आली होतीस, मल्टिपल स्क्लेरोसिस, आणि आम्हाला ते एखाद्या दूरच्या पाहुण्याचं असावं तसं वाटलं. मेंदूकडून निघालेल्या शिरांवरचं आवरण जागोजाग विरतं, म्हणून पायाचा निरोप वर जात नाही आणि वरचा खाली येत नाही, असं डॉक्टरांनी भावजींना समजावलं होतं. तू मात्र सांगितलीस ती दुसरीच गोष्ट. "वयनी, थंय माका कढत पाण्याच्या टबात बसयला. बसले आणि माजे पाय गेले. डॉक्टर एकमेकांका दाखवूक लागले, बगा, गरमेन वाढता, म्हणजे ह्योच रोग. मी म्हटला, अवो, ही परीक्षा आमच्या घरी रोज घेतत, फुकट!" सासूबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांचं तोंड बघून तुला हसू आवरेना, तुझं बघून मला, आणि शेवटी त्यांनाही. किती वेळ हसलो आपण तिघी.

औषध नाही म्हणाले. निघताना डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, गरम पाणी बंद, आणि हिला पडू देऊ नका. भावजींनी ते मला सांगितलं आणि सुट्टी संपली म्हणून मुंबईला गेले. राहिले मी.

मथू, मी काय काय केलं ते तू बघितलंस. पायऱ्यांवरचं शेवाळ कोयत्याने खरवडलं. जमीन सारवायची ती तू खाटेवर असतानाच, आणि पुरती सुकल्याशिवाय तुला पाय खाली टेकू दिला नाही. न्हाणीत थंड पाण्याची घागर आणि बसायला पाट. दोरी तूच वळलीस, तुझे हात तेव्हा चांगले होते. नारळाची सोडणं कुजवून, ठोकून, मांडीवर सुंभ वळत बसायचीस आणि म्हणायचीस, "माज्या गळ्यातला दावा मीच वळतंय." मी रागवायची. तू कुठेही उठलीस की माझा हात तुझ्या दंडाला. चुलीवर दूध उतू जात असलं तरी हात आधी दंडाला. "धरू नको गो," तू म्हणायचीस. "पडतलंस!" "पडल्यार उठान." "हाड मोडल्यार?" "मोडल्यार तू आसंस मा ओरडूक!"

उंबऱ्यावरून आपलं केवढं भांडण झालं! तुझं पाऊल उचलेना, दर वेळी अंगठा उंबऱ्याला आपटायचा. मी सुताराला बोलावलं, काढून टाक म्हटलं. सासूबाईंनी देव पाण्यात घातले नाहीत इतकंच. घराचा उंबरा कुणी कापतं का! मला वाटलं तू माझ्या बाजूने बोलशील. आणि तू, ज्या बाईचा अंगठा सुजून काळा झालेला, ती तू म्हणालीस, "नको वयनी. उंबरो नाय ऱ्हवलो तर मी भायर गेलंय ह्या माका कळतला कसा?" सुतार पानसुपारी खाऊन परत गेला. मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. तुझं म्हणणं मला आजही पटत नाही. पण तू दोरी धरून त्या उंबऱ्याशी उभी राहायचीस, एक पाय उचलायला इतका वेळ लागायचा, आणि तो पलीकडे टेकला की तुझ्या तोंडावर जे यायचं, ते मी बघितलेलं आहे. मी दळत बसल्याचं सोंग करून बघायची.

आणि तुझी मागणी एकच. दागिना नाही, लुगडं नाही. "माका एकदा खाडयेत ने." चैत्र आला, उन्हं तापली की तू खाटेवरून उठेनाशी व्हायचीस, आणि मागच्या दारातून दिसणाऱ्या पाण्याकडे बघत राहायचीस. मी म्हणायची, कोरड्या जमिनीवर उभी राहत नाहीस, पाण्यात काय करशील? "जमनीर पडल्यार जमीन लागता. पाण्यात पडल्यार पाणी धरता." "आणि बुडलीस म्हणजे?" "तू आसंस." "अगो, मला पोहता कुठे येतं!" "माका येता मा!" ह्या बाईशी काय बोलायचं, सांगा.

मग कोयनेचा भूकंप झाला. पहाटे भांडी खणखणली, कौलं थरथरली, सासूबाई रामराम करत दाराकडे धावल्या आणि भिंतीवर आदळल्या. मी तुझ्याकडे यायला उठले तर माझे पायच मला नेईनात, जमीन एकीकडे, मी एकीकडे. आणि तू? तू दोरी धरून खाटेवर शांत बसलेली. हसत होतीस! "आज सगळी माज्यासारकी झालात मगे!" थांबलं सगळं तेव्हा आपण अंगणात घोंगडी पांघरून उजाडायची वाट बघत बसलो. तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस, आणि अगदी हळू म्हणालीस, "तुमची एक दिस हालली. माजी रोज हालता. माका पाण्यात ने गो वयनी. थंय कोणाचीच जमीन थारत नाय."

भूकंपानंतरच्या चैत्रात सासूबाई वालावलला लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला गेल्या. मी उठले, मागचं दार उघडलं आणि तुझीच हाक तुला दिली, "मथू, सुकती लागली." तू माझ्याकडे असं बघितलंस की मला दुसरीकडे तोंड फिरवावं लागलं.

ती सकाळ खरी की मी ओटीवर पडून बघितलेली, असं हल्ली मला वाटायला लागलं आहे. उन्हं वर आली नव्हती. पायऱ्या आपण बसून उतरलो, लहान पोरांसारख्या, एकेक पायरी ढुंगणावर, हसत. मग पाणी. घोट्याला, गुडघ्याला, मांडीला. पायाखालचा चिखल सरकत होता, मी तुझे दोन्ही दंड गच्च धरलेले. कंबरभर पाण्यात आल्यावर तू थांबलीस. "वयनी, हात सोड." मी म्हटलं, नाही. "सोड गो." नाही म्हणजे नाही! तू नुसती वाट बघत राहिलीस. आणि मी सोडला.

तू उभी राहिलीस. कशालाही न धरता, दोन्ही हात पाण्यावर पसरून, डोळे मिटून. पाणी तुला थोडं इकडे न्यायचं, थोडं तिकडे, आणि तू त्याच्याबरोबर जायचीस आणि परत यायचीस. किती वर्षांनी तुझ्या आजूबाजूला कुणाचा हात नव्हता. मग तू एकदम खाली गेलीस. मी अशी किंचाळले की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. तर तू वर आलीस, केस तोंडावर, आणि हातात एक तिसरी. "पाय सांगणत नाय, तर हातान बगूचा," म्हणालीस. मी तुला शिव्या घातल्या. मथू, त्या क्षणी मी इतकी सुखात होते की मला शिव्यांशिवाय काही आठवेना.

सासूबाई दुपारी परतायच्या आत, तू काढलेल्या मूठभर तिसऱ्यांचं सुकं केलं, ओलं खोबरं घालून. सासूबाईंनी घास तोंडात घातला आणि विचारलं, "ह्यो कोणी हाडल्यो?" तू ताटातून डोकं वर न काढता म्हणालीस, "फोंड्याची गेल्ली." त्यांनी माझ्या ओल्या केसांकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि आणखी भात मागून घेतला.

पुन्हा कधी, असं तू विचारत राहिलीस. मी म्हणत राहिले, पुढच्या सुकतीला. मग पाऊस आला, खाडी गढूळ होऊन फुगली. भाद्रपदात तुझ्या छातीत कफ भरला, ताप उतरेना. आणि तू गेलीस ती खाटेवर निजल्या निजल्या, माझा हात तुझ्या दंडाला असताना. पडली नाहीस. त्या डॉक्टरला कुठून तरी शोधून काढावं आणि सांगावं असं वाटतं, नाही हो पडू दिली आम्ही तिला. म्हणाल तसं केलं. आणि आता पुढे काय करायचं ते सांगा.

मी तुला धरलं ते बरोबरच होतं. हे मी अजून म्हणणार. आणि तू सोड म्हणत होतीस तेही. ह्याचा निकाल लागायच्या आत तू उठून गेलीस, हा तुझा लबाडपणा. भांडायला माणूसच नाही ह्या घरात. सासूबाई हल्ली माझं सगळं ऐकतात, त्याने तर जास्तच रडू येतं.

आता ऐक. तुझी रक्षा सोडायला सकाळी सुकतीवर गेलो. बायकांनी यायचं नसतं म्हणून कुणीतरी कुरकुरलं, तर सासूबाईच म्हणाल्या, "ती जातली." मडकं भावजींच्या हातात. पायरीशी आलो तेव्हा ते थांबले, मडकं माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "वयनी, तूच सोड. तुज्याच हातात ऱ्हवली ती." मी पाण्यात उतरले. गुडघ्याच्या पुढे गेले. मांडीच्या पुढे गेले. धुकं होतं, पलीकडचा काठ नव्हता. आपण उभ्या होतो तिथे येऊन उभी राहिले आणि मडकं पाण्यावर टेकवलं. पाणी त्याला ओढत होतं. माझी बोटं सुटेनात. भावजी मागे उभे. मी तुझ्या हाडांना घट्ट धरून तशीच उभी, वेड्यासारखी.

तुझा आवाज ऐकला असं मी म्हणणार नाही, लोक मला वेडी ठरवतील. पण तू काय म्हणाली असतीस ते सांगायला मला आवाज कशाला हवा? पायऱ्यांवर पहिल्या दिवशी म्हणालीस तेच. मी हात सोडला. मडकं एकदा फिरलं, कलंडलं आणि सुकतीबरोबर समुद्राकडे निघालं.

भावजींनी मला काठाला न्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, नको, जरा ऱ्हवा. कंबरभर पाण्यात, कुणी धरलेलं नसताना, मी उभी राहिले. पाणी थोडं इकडे न्यायचं, थोडं तिकडे. पडले नाही. मग उजव्या अंगठ्याखाली काहीतरी गुळगुळीत लागलं. किंचाळले नाही. डोळे मिटले आणि बोटांनी बघितलं.

तिसरी होती गो मथू. फोंड्याच्या पायांक गावली.